लहान फुगवायच्या होडीत घरच्यांची बसायची सोय: बाक, गाद्या आणि मोजमाप

दुकानातल्या फोटोत फुगवायच्या होडीला बहुतेक वेळा दोन आडवे बाक असतात, त्यावर गुबगुबीत गाद्या आणि खाली पिशवी. गळ टाकायला निघालेल्या दोन मोठ्या माणसांना ही मांडणी छान चालते. बरोबर पाच वर्षांचे मूल असेल तर तीच अंगाशी येऊ शकते. बाक ट्यूबच्या, म्हणजे होडीच्या कडेने फिरणाऱ्या फुगलेल्या नळीच्या, जवळजवळ वरच्या कडेला बसतो, त्यामुळे त्यावर बसलेल्या मुलाला बाहेर पडण्यापासून अडवणारे काही उरत नाही.

हिशोब करून पाहा. ४० सेंमी व्यासाची ट्यूब आणि आत ७-८ सेंमी जाडीचा हवेचा तळ धरला, तर तळापासून ट्यूबची वरची कड साधारण ३२ सेंमीवर येते. पाच वर्षांच्या मुलाची बसलेली उंची ६० सेंमीच्या आसपास असते. तळावर ६ सेंमीच्या गादीवर ते बसले, तर ट्यूब गादीपासून २६ सेंमी वर येते, म्हणजे बरगड्यांपर्यंत आडोसा मिळतो. ३० सेंमी उंचीच्या बाकावर बसवले तर आडोसा उरतो फक्त २ सेंमी. म्हणून घरच्यांसाठी बैठक ठरवताना सुरुवात सगळ्यात लहान मुलापासून आणि तळापासून करायची. बाक त्यानंतर.

पुढचे सगळे २.७ ते ३.६ मीटर लांबीच्या, मागे हातातल्या दांड्याने वळवायचे छोटे इंजिन किंवा वल्ही असलेल्या होडीबद्दल आहे. पवना, मुळशी, भंडारदरा यांसारख्या जलाशयांचे किंवा खाडीच्या आतल्या बाजूचे शांत पाणी गृहीत धरले आहे. उघड्या समुद्रासाठी हे नाही.

आधी पाटी वाचा

इंजिन जिथे टांगतात त्या मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, किंवा ट्यूबवर होडीची पाटी असते. तिच्यावर माणसे, किलो आणि इंजिनाची ताकद असे तीन आकडे असतात. लोक माणसांचा आकडा वाचून थांबतात. खरे काम किलोच्या आकड्याचे. एक उदाहरण: चालवणारा ७५ किलो, दुसरी मोठी व्यक्ती ६०, मुले ३० आणि १८, सहा हॉर्सपॉवरचे फोर स्ट्रोक इंजिन २६, १२ लिटरची भरलेली टाकी १२, नांगर व दोर ५, पाणी-खाण्याची पिशवी १०, बाक आणि गाद्या ८. झाले २४४ किलो. पाटीवरच्या वजनात इंजिन धरले आहे की नाही ते पुस्तिकेत पाहा, तिथेही स्पष्ट नसेल तर धरूनच चाला. मुले बरोबर असताना पाटीवरच्या वजनाच्या पाऊण भागापर्यंतच भरावे. आणि किलोत जागा उरली म्हणून पाचवे माणूस घ्यायचे नाही, माणसांचा आकडाही तितकाच पाळायचा. कडेवरचे मूलसुद्धा एक माणूस.

इंजिनऐवजी विजेची मोटर असेल तर बॅटरीचे वजन विसरू नका. १०० ॲम्पिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी ३० किलोच्या घरात जाते. ती ट्रान्समला टेकवून ठेवली, शेजारी चालवणारा बसला की होडी मागे बसते आणि नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वर उचलते. बॅटरी झाकणाच्या पेटीत घालून मधल्या भागात आणा आणि तिची जागा बैठकीच्या मापात धरा.

मोजमाप: होडी फुगवून, जॅकेट घालून

कॅटलॉगमधली लांबी-रुंदी बाहेरची असते. बसायची जागा आतली. १.५५ मीटर रुंद होडीच्या दोन्ही बाजूंना ४० सेंमीच्या ट्यूबा असतील तर आत ७५ सेंमी उरतात. ३.३ मीटर होडीत आतली लांबी साधारण २.३ मीटर भरते, कारण मागे ट्यूबांचे शंकू ट्रान्समच्याही मागे गेलेले असतात आणि पुढे नाळ निमुळती होते. होडी पार्किंगमध्ये पूर्ण दाबापर्यंत फुगवा आणि टेपने तीन ठिकाणची आतली रुंदी घ्या: ट्रान्समजवळ, मध्यावर आणि पुढचा बाक जिथे येणार तिथे. पुढचे माप सगळ्यात महत्त्वाचे. मागचा बाक पुढे बसेल असे समजून दोन सारखे बाक मागवले जातात आणि पुढचा नाळेच्या वळणात अडकतो.

घरच्यांनाही मोजायचे, पण लाइफ जॅकेट घालून. फोमचे जॅकेट पाठीमागे ५ ते ८ सेंमी जाडी वाढवते. जॅकेटशिवाय नेमकी बसणारी पाठटेकी जॅकेट घातल्यावर माणसाला पुढे ढकलते, आणि मग अर्ध्या तासात कोणीतरी जॅकेट काढून मोकळे होते. बैठक चुकली तर जॅकेट उतरते, हा संबंध सहसा लक्षात येत नाही. लहान मुलांचे जॅकेट डोके वर ठेवणाऱ्या कॉलरचे आणि मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्याचे हवे. तो पट्टा टोचू नये म्हणून गादीला पुढच्या कडेला उंच शिवण नको.

चौघांची एक मांडणी

२.३ मीटर आतल्या लांबीत दोन मोठे आणि दोन मुले अशी बसतात. सगळी मापे ट्रान्समपासून पुढे:

० ते ३० सेंमी: इंधनाची टाकी, पट्ट्याने बांधलेली.
३० ते ५५: मागचा बाक, त्यावर चालवणारा. दांडा डाव्या हातात राहावा म्हणून तो उजव्या बाजूला बसतो.
५५ ते ९५: त्याचे पाय.
९५ ते १५५: मुलांच्या गाद्या, थेट तळावर.
१५५ ते १९०: पुढच्या व्यक्तीचे पाय.
१९० ते २१५: पुढचा बाक. त्यावरची व्यक्ती मागे तोंड करून बसते.
२१५ ते २३०: नांगर आणि दोर.

मुले आडवी बसतात: एकाची पाठ डाव्या ट्यूबला, दुसऱ्याची उजव्या ट्यूबला, गुडघे दुमडलेले. अगदी समोरासमोर नको, एक अर्ध्या अंगाने पुढे, एक मागे. नाहीतर ७५ सेंमीत चार पाय मावत नाहीत आणि लाथाळी सुरू होते. या मांडणीत वेगळी पाठटेकी विकत घ्यावी लागत नाही, ट्यूबच पाठीला आधार देते. दोन्ही मुले दोन्ही मोठ्यांच्या नजरेसमोर राहतात आणि पुढच्या व्यक्तीच्या हाताच्या अंतरात असतात. वजनाचे म्हणाल तर मागे इंजिन, टाकी आणि चालवणारा, पुढे एक मोठे माणूस, मध्ये मुले: होडी पाण्यावर बऱ्यापैकी सपाट बसते.

मुलांना नाळेवर, पाय बाहेर सोडून बसवण्याची हौस सगळ्यांना असते, फोटोही छान येतात. इंजिन चालू असताना ती जागा पूर्ण बंद ठेवा. पुढून पडलेले मूल होडीच्या खाली जाते आणि खालून मागे पंख्याकडे येते, आणि चालवणाऱ्याला इंजिन बंद करायला वेळच मिळत नाही. ट्यूबवर बसणेही तसेच, होडी वळली की बाहेरच्या बाजूचे माणूस निसटते. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवीच.

२.७ मीटरच्या होडीत ही मांडणी बसत नाही, कितीही ओढाताण केली तरी. तिथे एकच बाक ठेवा आणि बाकीच्यांना तळावर बसवा. पाटीवर चार माणसे लिहिलेली असली तरी घरच्यांसाठी ती होडी तिघांचीच समजलेली बरी. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र तळावर फार वेळ आवडत नाही. त्यांना पुढच्या बाकावर बसवा आणि मोठ्या माणसाने खाली बसावे, तेवढ्यासाठी होडी बदलायची गरज नाही.

कडक बाक की फुगवलेला

कडक बाक प्लायचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो. तो ट्यूबच्या आतल्या बाजूच्या खाचेत किंवा रबरी पकडीत सरकतो. वल्ही मारायला हाच लागतो, कारण जोर लावताना खाली काहीतरी टणक हवे. त्याच्या खोड्या दोन. एक म्हणजे ट्यूबा पूर्ण फुगल्यावर तो आत जात नाही. ट्यूबा अर्ध्या फुगवा, बाक सरकवा, मग दाब पूर्ण करा. दुसरी उलटी: दिवसभरात ट्यूब मऊ पडली की ती बाहेरच्या बाजूला पसरते, बाकाचे टोक पकडीतून सुटते आणि बसलेले माणूस धाडकन तळावर येते. खाली मुलाचा पाय असेल तर इजा नक्की. म्हणून बाकाच्या प्रत्येक टोकाला पकडीखेरीज एक पट्टा हवा.

बाक घरी करून घ्यायचा असेल तर प्लायवर आयएस ७१० असा शिक्का पाहून घ्या. आयएस ३०३ हा साधा प्लाय, तो पाण्यात टिकवायचा मोह नको. ७५ सेंमीच्या अंतरावर ८० किलोचे माणूस बसले तर १२ मिमीचा प्लाय चांगलाच लवतो, १८ मिमी घ्या. मात्र तयार पकड असेल तर आधी तिच्या खाचेची जाडी मोजा. रुंदी २२ ते २५ सेंमी. चारही कोपरे गोल करा, कडा अंगठा फिरवून पाहिल्यावर कुठेच लागणार नाही इतक्या घासा, आणि कापलेल्या कडांवर पॉलियुरेथेन वॉर्निशचा हात सपाट भागापेक्षा एक जास्त द्या, कारण पाणी तिथूनच शिरते. टोके ट्यूबला टेकतात तिथे जाड पीव्हीसी कापड गुंडाळा. वाळूचा एक कण आणि कोरी कड मिळून ट्यूबला हळूहळू भोक पाडतात.

फुगवलेला बाक म्हणजे २५-३० सेंमी व्यासाचा लोड. मऊ असतो, कोणाच्या नडगीला लागत नाही, आणि त्याची हवा स्वतंत्र असल्याने होडीत पाणी भरले तरी तो तरंगतो. पुढच्या व्यक्तीसाठी हाच बरा. पण गोल लोड लोळतो. फक्त दोन टोकांना बांधला तर पाय रेटताच मागे फिरतो. त्याला खालून, तळावरच्या कड्यांमध्ये अडकणारे दोन पट्टे हवेत. घेताना खालच्या बाजूला कडी किंवा पट्ट्यासाठी जागा आहे का ते पाहा, नसेल तर दुसरा बघा. सपाट, आतून धाग्यांनी जोडलेले फुगवायचे बाकही मिळतात. ते लोळत नाहीत, दाब जास्त घेतात, महाग पडतात. पैसे असतील तर तेच घ्या.

फिरती खुर्ची घरच्यांच्या होडीत नको. उंच असते, सगळे वजन चार बोल्टांवर येते आणि मुले ती फिरवतातच. बाकाखालची पिशवी ठीक, पण एकाच बाकाला लावा. दोन्हींना लावली तर पाय आत घ्यायला जागा राहत नाही.

वल्ह्यांचा प्रश्न

वरच्या मांडणीत एक अडचण आहे. इंजिन बंद पडले तर वल्ही मारणार कुठे बसून? वल्हे मारणारा मागे तोंड करून बसतो, आणि ट्यूबवर वल्हे जिथे अडकते त्या खुंटीपासून त्याच्या बाकाची जवळची कड २८ ते ३२ सेंमी पुढे, नाळेच्या बाजूला, असावी लागते. पुढचा बाक त्यापेक्षा बराच दूर आहे. त्यामुळे एखादा बाक सरकवून मध्ये आणता आला पाहिजे. लांब खाचेची पकड असेल तर सोपे. नसेल तर खुंट्यांपासून मोजून एक जादा पकड आधीच बसवून ठेवा आणि मागचा कडक बाक तिच्यात आणता येतो का ते पाहा. फुगलेल्या होडीत तो जात नसेल तर फुगवलेला बाकच उचलून मध्ये बांधायचा. वल्ही तितकी सुखाची होत नाहीत, किनारा मात्र गाठता येतो. अशा वेळी मुले पुढे सरकतात. इंजिन बंद असल्याने तिथे तळावर बसायला हरकत नाही. ही अदलाबदल किनाऱ्यालगत एकदा करून बघा.

गाद्या

सोफ्याचा स्पंज अजिबात नको. ४० × ४० × ५ सेंमीच्या गादीचे आकारमान ८ लिटर होते. स्पंज तेवढे पाणी जवळजवळ सगळे पितो, म्हणजे एकेक गादी सहा-सात किलोची होते आणि दोन दिवस वाळत नाही. पाणी न शोषणारा, बंद पेशींचा फोम घ्या: पॅकिंगमध्ये वापरतात तो पांढरा ईपीई, किंवा मुलांच्या खेळायच्या चटयांचा ईव्हीए. ईव्हीए जास्त टिकतो, ईपीई दबून बसतो पण स्वस्त आणि हलका. मुलांसाठी ५ ते ६ सेंमी जाडी ठेवा. तळावर नेहमीच थोडे पाणी खेळते, त्याच्या वर बूड राहायला एवढे लागतेच.

कुशनवाल्याकडून खोळ शिवून घेताना चार गोष्टी सांगा. कापड पीव्हीसीचा थर असलेले आणि फिकट रंगाचे. मे महिन्यात काळे किंवा गडद राखाडी कापड उघड्या मांडीला चटका देते. खालच्या बाजूला जाळी, म्हणजे पाणी गळून जाईल. धागा पॉलिस्टरचा, सुती कुजतो. चेन प्लास्टिकची. खाडीच्या पाण्यात लोखंडी चेन एका हंगामातच गंजून अडकते. गाद्या पाण्यात पडल्या तर तरंगतील अशाच असाव्यात, पण तरंगणारी गादी म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, हे मुलांना आधीच सांगा.

बांधणी

पट्टे २५ मिमी रुंदीचे, पॉलिस्टरचे. नायलॉन ओले झाले की ताणते आणि सकाळी घट्ट असलेला बाक दुपारी डुलायला लागतो. बाजूंनी दाबून उघडणारे प्लास्टिकचे बकल चांगले. वेल्क्रो गादी जागेवर धरण्यापुरते ठीक, वजन घेणाऱ्या ठिकाणी नको, वाळू शिरली की त्याची पकड जाते.

माणसाला, विशेषतः मुलाला, बैठकीला कधीही बांधायचे नाही. गाडीत पट्टा लावायची सवय असलेल्या पालकांना हे उलटे वाटते. होडी उलटली तर बांधलेले मूल तिच्याखाली अडकते. धरायला मात्र काहीतरी हवे: प्रत्येक मुलाजवळ, ट्यूबच्या आतल्या बाजूला, चिकटवलेले एक छोटे हँडल. लोंबती दोरी नको, तिच्यात पाय अडकतो. मधल्या पट्ट्यात ट्यूबवर काहीही कायमचे बांधू नका, पाण्यात पडलेल्या माणसाला इंजिन बंद करून तिथूनच आत ओढायचे असते.

नवी कडी किंवा हँडल चिकटवायचे तर आधी होडी कशाची आहे ते ओळखा. झाकलेल्या जागी चिंधीवर थोडे ॲसिटोन घेऊन घासा. चिकट झाले तर पीव्हीसी, काहीच फरक पडला नाही तर बहुधा हायपॅलॉन, म्हणजे कृत्रिम रबराचा थर असलेले कापड. पीव्हीसीला दोन भाग मिसळून वापरायचा पॉलियुरेथेन गोंद लागतो, हायपॅलॉनला त्याचा वेगळा. नळाच्या पाइपांचे सॉल्व्हंट सिमेंट इथे चालत नाही. ते कडक होते आणि कापड वाकले की तडकून सुटते. दोन्ही पृष्ठभाग पुसा, पातळ दोन थर द्या, पहिला वाळल्यावरच दुसरा. मग दाबून बसवा, चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासत हवा काढा. किमान २४ तास होडी फुगवू नका, पूर्ण जोर द्यायला आठवडा जाऊ द्या. जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. दमट हवेत गोंदावर ओलाव्याचा थर बसतो आणि जोड हाताने ओढला तरी निघतो.

ऊन आणि दाब

ट्यूबांचा दाब साधारण ०.२ ते ०.२५ बार असतो. नक्की आकडा व्हॉल्वजवळ छापलेला असतो. सकाळी २५ अंशांना ०.२५ बार भरलेली ट्यूब उन्हात ५० अंशांपर्यंत तापली तर दाब ०.३५ बारच्या आसपास जातो. फुगवलेल्या बाकाचेही तसेच, आणि तो पाण्याला टेकत नसल्याने थंडही होत नाही. त्याची शिवण उसवते ती बहुतेक किनाऱ्यावर, जेवणाच्या सुट्टीत. उन्हात ठेवायचे असेल तेव्हा बाकाची थोडी हवा सोडा, पाण्यात उतरण्याआधी पुन्हा भरा. होडी पाण्यात गेली की ट्यूबा गार होऊन मऊ पडतात, म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी किनाऱ्यालगतच दाब पुन्हा पाहायचा आणि मग निघायचे. पायाच्या पंपाबरोबर दाबमापक आला नसेल तर वेगळा घ्या, हाताने दाबून अंदाज लागत नाही.

पाण्यातली परीक्षा

पहिली परीक्षा पार्किंगमध्ये: सगळे जॅकेट घालून आपापल्या जागी अर्धा तास बसा. कोणाचे पाय मुंग्यांनी भरतात, कोणाची नडगी बाकाला लागते, ते इथेच कळते. दुसरी परीक्षा गुडघाभर पाण्यात, वारा नसताना, सहसा सकाळी. इंजिन वर उचलून, सगळे जागेवर. मग दोन्ही मोठ्यांनी एकाच बाजूला सरकायचे आणि त्या बाजूची ट्यूब पाण्यात किती जाते ते पाहायचे. वरचा निम्मा भाग तरी कोरडा राहिला पाहिजे, नाहीतर सामान किंवा माणूस कमी करा. मागे पाणी ट्रान्समच्या कडेच्या जवळ येत असेल तर आधी टाकी पुढे घ्या. शेवटी दोन बादल्या पाणी होडीत ओता आणि गाद्या किती कोरड्या राहतात ते बघा.

जलाशयात होडी उतरवायला तो ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची, बहुतेक ठिकाणी जलसंपदा खात्याची, परवानगी लागते, आणि काही धरणांवर ती मिळतच नाही. इंजिनाच्या होडीला नोंदणीचे नियमही लागू आहेत. हे होडी गाडीवर चढवण्याआधी विचारून घ्या. खाडीत नेलीत तर खडकांवरच्या आणि जेट्टीच्या खांबांवरच्या कालवांपासून ट्यूब लांब ठेवा, त्यांची धार पात्यासारखी असते. परत आल्यावर गाद्या आणि पट्टे गोड्या पाण्याने धुवा, गाद्या उचलून त्यांच्याखालची वाळू झाडा आणि सगळे सावलीत वाळल्यावरच होडीची घडी घाला.